उन्हाळ्यातले परवडणारे म्युझिकल थिएटर प्रोग्रॅम: हायस्कूलच्या मुलांचे पालक नेहमी विचारतात ते प्रश्न

अमेरिकेत वाढणारी आपली बरीच मुलं शाळेच्या म्युझिकलमध्ये हौसेने उभी राहतात. मग एखाद्या जानेवारीत मुलगी घरी येऊन सांगते, "आई, मला या समरला इंटेन्सिव्हला जायचंय." इंटेन्सिव्ह म्हणजे सुट्टीतलं सखोल प्रशिक्षण. आपण वेबसाइट उघडतो, फीचा आकडा बघतो आणि जेवणाच्या टेबलावर सगळे गप्प होतात. आमच्या घरी हे तीन उन्हाळे झालं. त्यानंतर मंडळातल्या ओळखीच्या पालकांचे फोन येऊ लागले आणि प्रश्न जवळपास तेच असायचे. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवते आहे.

एकूण खर्च किती धरायचा?

वेबसाइटवर मोठ्या अक्षरात असते ती फक्त ट्यूशन. तिच्याखेरीज अर्जाची फी, कधी ऑडिशनची वेगळी फी, राहण्याजेवणाचे पैसे, विमानाचं तिकीट, सामान पाठवण्याचा खर्च, डॉक्टरांचा फॉर्म, नाचाचे बूट आणि कपडे, शेवटच्या प्रयोगाला घरच्यांनी जायचं तर हॉटेल. चार-पाच आठवड्यांच्या निवासी प्रोग्रॅमला काही हजार डॉलर लागतातच आणि नावाजलेल्या ठिकाणी सगळं धरून दहा हजारांच्या वर जातं. गावातल्या डे प्रोग्रॅमला याच्या लहानशा हिश्श्यात भागतं.

कागदावर एक तक्ता करा आणि प्रत्येक प्रोग्रॅमसाठी शेवटची बेरीज मांडा. फक्त ट्यूशनची तुलना केली की फसगत होते. आमच्या पहिल्या वर्षी जो प्रोग्रॅम स्वस्त वाटला, त्यात जेवण आणि वीकेंडचा मुक्काम धरलेलाच नव्हता. बेरीज केली तेव्हा तो यादीतला सगळ्यात महाग निघाला.

परवडणारा म्हणजे दर्जा कमी, असं असतं का?

नाही. हे मी अगदी ठामपणे सांगते. फीचा मोठा भाग जागा, नाव, वसतिगृह आणि जाहिरात यांवर जातो. मुलं शिकतात ती शिक्षकासमोर उभं राहून, चूक दाखवली गेल्यावर तेच पुन्हा करून. म्हणून मी एकच हिशेब घालते: शिकवण्याचे प्रत्यक्ष तास किती आणि एका तासाला किती पैसे पडतात.

उदाहरणादाखल आकडे घेऊ. एक डे प्रोग्रॅम तीन आठवड्यांचा, आठवड्याला पाच दिवस, रोज सहा तास, फी २,४०० डॉलर. तास झाले ९०, तासाला साधारण २७ डॉलर. दुसरा निवासी, दोन आठवड्यांचा, फी ६,००० डॉलर. पण वेळापत्रक नीट वाचलं तर दहा दिवस रोज चारच तास वर्ग, उरलेला वेळ सहली, नाटक पाहायला जाणं, कलाकारांशी गप्पा. तास ४०, तासाला १५० डॉलर. सहली वाईट नाहीत, पण आपण कशाचे पैसे देतोय ते आपल्याला माहीत असावं.

यासाठी प्रोग्रॅमकडे मागच्या वर्षीचं एका आठवड्याचं खरं वेळापत्रक मागा. चांगली जागा ते लगेच पाठवते. टाळाटाळ झाली तर मी त्या नावावर फुली मारते. मग विचारा: गाण्याच्या वर्गात किती मुलं असतात? माझ्या मुलाला आठवड्यात किती वेळा एकट्याने गावं लागेल? तीस मुलांच्या वर्गात पाच जण गातात आणि पंचवीस जण बघतात. बघूनही शिकता येतं, पण तेवढ्यासाठी हजारो डॉलर देणं मला पटत नाही.

आणखी एक. पोस्टरवर ब्रॉडवेच्या ज्या कलाकाराचा फोटो असतो, तो किती दिवस येणार? अनेकदा एका दुपारचा मास्टरक्लास असतो. रोज शिकवणारी माणसं कोण, हे महत्त्वाचं.

अगदी मोफत काही मिळतं का?

मिळतं, पण तुम्ही कोणत्या राज्यात राहता यावर ते फार अवलंबून आहे. काही राज्यं उन्हाळ्यात गव्हर्नर्स स्कूल, म्हणजे राज्यातल्या निवडक मुलांसाठीची उन्हाळी शाळा, चालवतात. केंटकीची गव्हर्नर्स स्कूल फॉर द आर्ट्स १९८७ पासून आहे. तीन आठवडे, निवासी, ट्यूशन नाही, आणि म्युझिकल थिएटर हा तिथे स्वतंत्र विषय आहे. जॉर्जियाचा गव्हर्नर्स ऑनर्स प्रोग्रॅम १९६४ चा. तिथे नाटक आणि गायन हे वेगवेगळे विषय आहेत आणि नाव शाळेमार्फत जावं लागतं. ओक्लाहोमा आपल्या राज्यातल्या निवडलेल्या मुलांना क्वार्ट्झ माउंटनच्या दोन आठवड्यांच्या कला शिबिरात शिष्यवृत्तीवर नेतं. सगळीच राज्यं इतकी उदार नाहीत. पेनसिल्व्हेनियाने २००९ मध्ये निधी काढून घेतला आणि तिथली कलांची गव्हर्नर्स स्कूल बंद पडली. याचं मला अजून वाईट वाटतं, कारण ज्या मुलांना दुसरा दरवाजा नव्हता त्यांचाच तो बंद झाला.

न्यूयॉर्क शहरात टाडा या युवा नाट्यसंस्थेचा निवडक मुलांचा संच आहे. ऑडिशनमधून घेतात, फी घेत नाहीत.

एक रस्ता शाळेच्या नाटकातूनच जातो. जिमी अवॉर्ड्स ही हायस्कूल म्युझिकलची राष्ट्रीय स्पर्धा २००९ मध्ये सुरू झाली. तिथे थेट अर्ज करता येत नाही. तुमच्या भागातल्या पुरस्कार योजनेत शाळेने नाव नोंदवलेलं असावं लागतं, आणि तिथे निवड झाली की मुलं न्यूयॉर्कला प्रशिक्षणाला जातात. रेने रॅप आणि अँड्र्यू बार्थ फेल्डमन हे २०१८ चे विजेते. दोघंही पुढे ब्रॉडवेवर गेले. शाळेच्या नाट्यशिक्षकांना एवढंच विचारा: आपली शाळा अशा योजनेत आहे का? नसेल तर पालकांनी मागणी करण्याजोगी ही गोष्ट आहे.

आर्थिक मदत मागायला संकोच वाटतो. आमचं उत्पन्न बरं आहे, तरी मागावी का?

मागावी. आपल्याकडे हात पसरल्यासारखं वाटतं म्हणून बरेच मराठी पालक फॉर्मचा तो भाग कोरा सोडतात. मीही पहिल्या वर्षी सोडला होता. मदतीचा निधी वेगळा काढलेला असतो आणि तो मागणाऱ्यांमध्येच वाटला जातो.

मदत दोन प्रकारची: गरजेवर आणि गुणवत्तेवर. पहिलीसाठी टॅक्स रिटर्न मागतात. फॅफ्साचा (कॉलेजच्या आर्थिक मदतीच्या सरकारी फॉर्मचा) इथे उपयोग नसतो. ज्याचा त्याचा फॉर्म असतो आणि त्याची तारीख बहुधा प्रवेशअर्जाच्या तारखेबरोबर किंवा तिच्याही आधी संपते. घरात दोन मुलं कॉलेजात आहेत, भारतात आईवडिलांच्या औषधपाण्याचा खर्च आपल्यावर आहे, नोकरी नुकतीच गेली आहे, हे रिटर्नवर दिसत नाही. ते चार ओळींच्या पत्रात साधेपणाने लिहा.

मदत मंजूर झाली पण पुरेशी नसेल, तर एकदा नम्रपणे पुन्हा विचारा: "आम्हाला यायचं आहे, एवढे पैसे कमी पडतात, काही करता येईल का?" मे महिन्यात कुणीतरी नाव काढून घेतं आणि पैसे मोकळे होतात. अर्जाची फी माफ करता येईल का आणि हप्ते पाडून मिळतील का, हेही विचारा. ब्रॉडवे ड्रीम्ससारख्या ना-नफा संस्था वेगवेगळ्या शहरांत आठवडाभराचे इंटेन्सिव्ह घेतात आणि शिष्यवृत्त्या देतात. शहर जवळचं असेल तर विमानाचा खर्चही वाचतो.

मोठ्या नावाच्या कॅम्पला गेलं की कॉलेजच्या प्रवेशाला फायदा होतो का?

प्रवेशाची हमी कुणीच देत नाही आणि दिली तर विश्वास ठेवू नका. मिशिगनमधलं इंटरलॉकेन १९२८ पासून उभं आहे, न्यूयॉर्क राज्यात स्टेजडोअर मॅनर आहे, नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचा हायस्कूल मुलांचा उन्हाळी प्रोग्रॅम १९३१ पासून चालतो. ही नावं उगीच मोठी झालेली नाहीत. पण म्युझिकल थिएटरच्या बीएफए (बॅचलर ऑफ फाइन आर्ट्स) पदवीला प्रवेश मिळतो तो ऑडिशनवर. तिथे टेबलापलीकडची माणसं पाहतात ती समोरची दीड मिनिटं.

विद्यापीठाच्या प्री-कॉलेज प्रोग्रॅमचा खरा फायदा वेगळा आहे. पदवीचं आयुष्य कसं असतं, सकाळी बॅले, मग गायन, मग अभिनय, रात्री तालीम, हे मुलाला चार आठवडे जगून कळतं. काही मुलं परत येऊन सांगतात, "मला हे आवडतं, पण रोज आयुष्यभर नको." तेवढं वेळेवर कळणंही पैसे वसूल करणारं आहे. फक्त कॉलेज क्रेडिटसाठी जास्त पैसे मोजण्याआधी थांबा. ते क्रेडिट पुढे तुमच्या मुलाच्या पदवीत धरलं जाईलच असं नाही.

प्रवेश ऑडिशनवरच मिळतो, म्हणून जवळच्या डे कॉन्झर्व्हेटरीला, म्हणजे घरून रोज जाऊन शिकायच्या कला-प्रशिक्षण वर्गाला, कमी लेखू नका. न्यू जर्सीत मिलबर्नला पेपर मिल प्लेहाउस हे व्यावसायिक थिएटर आहे. त्यांच्या उन्हाळी म्युझिकल थिएटर कॉन्झर्व्हेटरीत मुलं ऑडिशन देऊन जातात. अ‍ॅन हॅथवे शाळकरी वयात पेपर मिलमध्येच शिकली. एडिसनच्या आसपास राहणाऱ्यांनी दुसऱ्या राज्यातलं वसतिगृह शोधण्याआधी हे पाहून यावं. तुमच्या शहरात व्यावसायिक थिएटर असेल तर त्याचा शिक्षण विभागही बहुधा असतोच.

"तुमच्या मुलाची खास निवड झाली आहे" असं पत्र आलंय. खरं असतं का?

मुलाने अर्ज केला नाही, ऑडिशन दिली नाही, कुणी त्याला गाताना ऐकलं नाही, तर निवड कसली झाली? जाड कागद, सोनेरी शिक्का आणि आठवड्याच्या आत डिपॉझिट भरण्याची घाई, ही विक्रीची पद्धत आहे. अशा पत्राने मूल हरखून जातं आणि त्याला नाही म्हणताना पालकांचा जीव तुटतो. तरी नाही म्हणा, आणि का ते त्याला समजावून सांगा.

माझी मुलगी सात वर्षं हिंदुस्थानी गायन शिकते. तिला तिथे जमेल का?

हा प्रश्न मला सगळ्यात जवळचा, कारण माझ्याच मुलीची ही गोष्ट.

तिच्याकडे जे आहे ते आधी सांगते. सूर पक्का, तालाचं भान उत्तम, ऐकून लगेच उचलण्याची सवय आणि रियाजाची शिस्त. पहिल्या दिवशी शिक्षकांना हे लगेच कळतं.

अडतं कुठे? पहिली गोष्ट हार्मनी. आपल्याकडे सगळे एकच चाल गातात. तिथे चार गट चार वेगवेगळ्या ओळी एकाच वेळी गातात. आल्टोची, म्हणजे मुलींच्या खालच्या आवाजाची, ओळ गाताना आपली मुलगी नकळत मुख्य चालीवर घसरते, कारण तिचा कान तिकडे ओढला जातो. उपाय घरी करता येतो: पियानोच्या अ‍ॅपवर आपली ओळ वाजवून ती पाठ करायची, मग मूळ गाणं लावून त्यावर आपलीच ओळ धरून ठेवायची. माझ्या मुलीला याला दोन महिने लागले.

दुसरी गोष्ट कागद. आपण गुरूकडून ऐकून शिकतो. तिथे पहिल्याच तालमीला स्वरलिपीची पानं हातात देतात. वाचता येत नसेल तर वसंत ऋतूतच कुणाकडे तरी स्टाफ नोटेशनचे (पाच रेषांवरच्या पाश्चात्त्य स्वरलिपीचे) धडे घ्या. शाळेच्या कॉयरमध्ये एक वर्ष काढलं तर ते फुकटात होतं.

तिसरी गोष्ट पट्टी. आपल्याकडे गाणारी आपला सा निवडते आणि पेटीवाला तिच्यामागे येतो. काळी चारमध्ये सा लावून गाणाऱ्या मुलीने वरच्या पट्टीतला हलका, डोक्यात घुमणारा आवाज फारसा वापरलेलाच नसतो. म्युझिकलमध्ये पट्टी ठरलेली असते आणि सोप्रानोला, म्हणजे उंच आवाजाच्या मुलीला, तिथे वर जावंच लागतं. उलट खुल्या, छातीतून येणाऱ्या आवाजाची तिला सवय असते, आणि ब्रॉडवेच्या बेल्टिंगला (खुल्या आवाजात वरचे सूर जोरकस गाण्याला) ती कामी येते. पण चुकीच्या जोरावर बेल्टिंग केलं तर घसा बसतो. कोवळ्या आवाजाला सांभाळून शिकवणारा शिक्षक आहे का, हे प्रोग्रॅमला विचाराच. मुलाचा आवाज नुकताच फुटत असेल तर दुप्पट काळजीने विचारा.

चौथी गोष्ट तिला स्वतःलाच उमगली. आपल्या संगीत नाटकात पद सुरू झालं की गोष्ट क्षणभर थांबते आणि आपण गाण्यात रमतो. इथे गाणं सुरू होताना माणूस एका मनःस्थितीत असतो आणि संपताना दुसऱ्या. शिक्षकांनी तिला विचारलं, "हे तू कुणाला सांगतेस? तुला त्याच्याकडून काय हवंय?" तिने मींड आवरली, शब्द पुढे आणले, आणि मी दारात उभी राहून ऐकताना मला माझीच मुलगी नवी वाटली. तिचे गुरुजी नाराज होतील अशी मला भीती होती. त्यांनी तिचं गाणं ऐकलं आणि म्हणाले, "बोल किती स्वच्छ झालेत हिचे!"

ऑडिशनची तयारी पैसे न घालवता कशी करायची?

बहुतेक ठिकाणी गाण्याचे १६ किंवा ३२ बार (स्वरलिपीतले ठरावीक मात्रांचे तुकडे) मागतात, म्हणजे साधारण अर्धं ते दीड मिनिट. सोबत एक मिनिटाचं स्वगत आणि कधी नाचाचा एक तुकडा. हल्ली बहुतेक पहिली फेरी व्हिडिओवर होते. त्यासाठी स्टुडिओ नको. दिवसाच्या उजेडात खिडकीकडे तोंड करून उभं राहायचं, मागे साधी भिंत, फोन आडवा आणि स्थिर, आणि साथीचा आवाज गाण्यावर चढणार नाही एवढी काळजी.

प्रत्यक्ष ऑडिशन असेल तर पानं फाइलमध्ये नीट लावा आणि कुठे सुरू, कुठे शेवट हे खुणेने दाखवा. पियानोवर बसलेल्या माणसाला "जरा खालच्या पट्टीत वाजवाल का?" असं ऐन वेळी सांगायचं नाही, हव्या त्या पट्टीतली पानंच घेऊन जायची. आणि गाणं वयाला शोभेल असं निवडा. सोळा वर्षांच्या मुलीने चाळिशीतल्या बाईचं दुःख गाण्याची गरज नसते.

नाच अजिबात येत नाही. मग?

चालतं. गट पातळीप्रमाणे पाडतात. कथक किंवा भरतनाट्यम शिकलेल्यांना ताल आणि पाठांतर सोपं जातं. बॅलेतलं पाय बाहेर वळवून उभं राहणं आणि जॅझमधलं कमरेचं मोकळं वळण नव्याने शिकावं लागतं. बूट जुने घ्या. मुलांचे पाय वाढतात, त्यामुळे प्रत्येक डान्स स्टुडिओत जुने बूट देणारं कुणीतरी असतंच.

भूमिका मिळेल का?

आधी शेवटी काय होणार ते विचारा: पूर्ण नाटक की निवडक गाण्यांचा कार्यक्रम? पूर्ण नाटक असेल तर पूर्ण लांबीचं आहे का? नावात 'ज्युनियर' असलेल्या आवृत्त्या साधारण एक तासाच्या, मिडल स्कूलच्या वयासाठी कापलेल्या असतात. हायस्कूलच्या मुलांकडून तेच करून घेत असतील तर मी फी देण्याआधी विचार करेन. दोन संच पाडून मोठ्या भूमिका वाटतात का, हेही कळू द्या. समूहात उभं राहावं लागलं तर वाईट वाटतं, मुलगी दोन दिवस रडतेही. पण हार्मनी पक्की होते ती समूहातच.

मुलांना एकटं पाठवायचं. सुरक्षिततेचं काय बघावं?

कर्मचाऱ्यांची पार्श्वभूमी तपासली जाते का, रात्री वसतिगृहात मोठं माणूस कोण, नर्स आहे का, औषधं कोण देतं, फोन करायची मुभा कधी. निवासी कॅम्पमध्ये १५ ते १८ वयाच्या दहा मुलांमागे एक कर्मचारी असावा, असं अमेरिकन कॅम्प असोसिएशनचं प्रमाण आहे. डे कॅम्पला बारांमागे एक. शाकाहारी जेवणाबद्दल फोनवर मोघम बोलू नका, मागच्या वर्षीचा मेन्यू मागा.

आम्ही एच-४ वर (एच-१बी नोकरदाराच्या कुटुंबाच्या व्हिसावर) आहोत. काही अडचण?

फी भरून शिकायला जाण्यात अडचण नाही. मात्र काही थिएटरं उन्हाळ्यात मुलांना मानधन देऊन काम देतात, आणि एच-४ वरच्या मुलांना पगारी काम करता येत नाही. अशा ठिकाणी होकार देण्याआधी वकिलाशी बोला. गव्हर्नर्स स्कूलना त्या राज्यातलं वास्तव्य लागतं. त्यांच्या बाकीच्या अटी अर्जाआधीच वाचा, मुलाच्या आशा वाढण्याआधी.

टॅक्समध्ये काही सुटतं का?

हायस्कूलच्या मुलांसाठी सहसा नाही. मुलांच्या देखभालीच्या खर्चावरची सूट १३ वर्षांखालच्या मुलांना लागू आहे, आणि रात्रीच्या मुक्कामाचा कॅम्प तिच्यात लहान मुलांसाठीही बसत नाही.

अर्ज कधी करायचे?

शरद ऋतूत यादी, डिसेंबर-जानेवारीत अर्ज आणि मदतीचे फॉर्म. डिपॉझिट बहुधा परत मिळत नाही, म्हणून सगळ्यांची उत्तरं कधी येतात त्याच्या तारखा एकत्र लिहा आणि गरज पडली तर मुदत वाढवून मागा. पदवीला जायचा विचार असेल तर अकरावीनंतरचा उन्हाळा महत्त्वाचा, कारण कॉलेजांसाठीचे पहिल्या फेरीचे व्हिडिओ त्याच शरदात द्यावे लागतात. नॉर्थवेस्टर्नसारखे काही प्रोग्रॅम बारावीत जाणाऱ्यांनाच घेतात.

या वर्षी कशालाच पैसे नाहीत. मूल खट्टू झालंय. काय करू?

आमच्याकडे दुसऱ्या उन्हाळ्यात हेच झालं. तेव्हा आम्ही गावच्या कम्युनिटी थिएटरकडे गेलो. उन्हाळी म्युझिकलमध्ये तिला मागच्या रांगेत जागा मिळाली, पैसे द्यावे लागले नाहीत. आठवड्याला एक तास गायनाच्या शिक्षिका, तेवढाच खर्च. बाकी दिवशी ती प्रकाशयोजनेच्या काकांना मदत करायची, सेट रंगवायची. कम्युनिटी कॉलेजचे उन्हाळी वर्ग आणि गावच्या पार्क विभागाची नाटकं यांचीही चौकशी करा. तिथे फी माफक असते आणि रिकाम्या जागा जूनमध्येही मिळतात.

त्या नाटकाचे सहा प्रयोग झाले. चौथ्या प्रयोगाला एक मुलगी आजारी पडली आणि तिच्या चार ओळी आमच्या लेकीला गायला मिळाल्या. आल्टोच्या ओळी होत्या. घसरली नाही.